मोरपिसी, दोन मीटर

परभणीत एप्रिलमध्ये हेअर ड्रायर लागत नाही.
मुनव्वर म्हणाला, दस मिनट धूप में खडी करो ताई,
व्हिनाइल अपने आप नरम पडता.
मी केली उभी. सीटला हात लावायची सोय राहिली नाही.

सीडी हंड्रेड, शहाण्णवची.
अकरा हजारांत घेतली, दोन हप्त्यांत,
मागे बर्फाचा डबा बांधायला, डब्यात रक्ताच्या नळ्या.
इंजिन ठणठणीत. रूप मात्र असं
की सुई टोचायच्या आधी पेशंटच विचारायचे,
ताई, ही गाडी पोचंल ना लॅबपातुर?

पेंटर म्हणाला, चार हजार आणि आठ दिवस.
आठ दिवस मी नळ्या काय डोक्यावर नेऊ?
म्हणून मग स्टेशन रोड, मुनव्वर रेडियम आर्ट,
भिंतीवर वाघाचे डोळे, विंचू, चंद्रकोर,
आणि कुणीतरी करायला टाकून न्यायला न आलेलं
'दादाची सावली'.

मॅट काळा पोरं घेतात, त्यानं सांगितलं,
कार्बन फायबर घेतात प्लॉटिंगवाले.
मी मोरपिसी म्हटलं. लगेच.
लहानपणापासून ठरवून ठेवल्यासारखं.

आधी जुनं काढायचं.
नखानं, ब्लेडनं, रॉकेलच्या बोळ्यानं.
ज्वाळा निघाल्या, अर्धा गरुड निघाला,
'प्रेस' निघालं (कुठला पेपर, देव जाणे),
आणि सगळ्यांत खाली, स्टिकर नव्हे,
ऑइलपेंट. जाड, ब्रशनं लिहिलेलं,
शेवटच्या वेलांटीला फूल काढलेलं:
मोहिनी.

बायको, लेक, म्हैस.
काहीही असू शकतं.

मुनव्वरनं पॉलिश पेपर उचलला.
घिसना पडता, नहीं तो उभर के आयेंगा.
म्हटलं, येऊ दे.
का म्हटलं ते विचारू नका.
घासायचे दोनशे वाचत होते, हेही खरंच आहे.
तो हसला,
बनी तो बनी, नहीं तो परभणी.

साबणाचं पाणी फवारलं, पाठीचा कागद सोलला,
आणि एका बंद खात्याच्या एटीएम कार्डानं
तो बुडबुडे कडेकडेनं हाकलत राहिला,
शेरडं हाकलावी तसा, तोंडानं च्‌च्‌ करत.
टाकीच्या वळणावर व्हिनाइल ताणलं, रुसलं, बसलं.
झाकणापाशी एक बुडबुडा मात्र हटेना.
मी पर्समधून सुई काढली.
हे माझं काम.
शीर शोधतात तसं बोटानं चाचपलं, तिरकी घातली,
हवा गेली. रक्त नाही आलं.
मुनव्वर म्हणाला, दुकान पे बैठो मेरे.

मग आठवडाभर नुसतं कौतुक.
नवी घेतली का? किती पडली? अ‍ॅव्हरेज काय देती?
मी म्हणायची, बरं देती.

बोरीच्या स्टँडवर, बाजाराच्या दिवशी,
रसवंतीच्या बाकड्यावर एक म्हातारा पाठमोरा.
मी गाडी बंद करणार,
तर त्यानं न वळताच हात वर केला.
राहू द्या जरा चालू.
ऐकत बसला. चरकाचे घुंगरू, बाजाराचा कालवा,
त्यातूनही ऐकत बसला.
टॅपेट वाजायलंय, म्हणाला. तवाबी वाजायचं.

मग वळला, रंग बघितला,
आणि बस चुकलेल्या माणसासारखं तोंड झालं त्याचं.
ही नव्हं.

मी म्हटलं, हात लावून बघा.

टाकी तापलेली. त्याला काही वाटलं नाही.
बोटं मोरपिसीवरून निघाली,
काना, मात्रा, हळूहळू,
आणि फुलाजवळ येऊन थांबली.

कोण होती, विचारणारच होते.
पण डब्यातला बर्फ सुटत चालला होता,
बारापर्यंत नळ्या पोचवायच्या होत्या,
आणि त्यानं हात काही काढला नव्हता.
मी एक्सलेटर जरासा पिळून धरला,
बंद पडू नये म्हणून.